सोलापूरचा मार्शल लॉ आणि पोलिसांपुढची कबुली

७. सोलापुरात मार्शल लॉ १२ मे ते ३० जून १९३० पर्यंत होता. गांधी टोपी घालणेही तेव्हा गुन्हा ठरले. मात्र मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना लष्करी न्यायालयाने फाशी दिली, हा गावातला समज बरोबर नाही. त्यांच्यावरचा पोलिसांच्या खुनाचा खटला नेहमीच्या फौजदारी न्यायालयातच चालला; १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघे फासावर गेले. हा भेद मुद्दाम नोंदवतो, कारण अन्यायाचे सगळे खापर मार्शल लॉवर फोडले की साध्या कोर्टाकडे कोणी बघतच नाही.

साध्या कोर्टाकडे बघायचे, तर 'कबुलीजबाबा'विषयीही : पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे इंग्रजांनीच १८७२च्या पुरावा कायद्यात (कलम २५) लिहिले. कबुली मारून घेतली जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९८७च्या टाडाने ही भिंत पाडली, सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये ती तरतूद वैध ठरवली. राज्याचा १९९९चा मोक्का आजही पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली मानतो. माझ्या मते ही मोठी चूक आहे. यूएपीएत तशी सोय नाही, पण न्यायालयाच्या परवानगीने आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडी मिळते. मारहाणीला मात्र कोणताच कायदा मुभा देत नाही. डी. के. बसू निकालाने (१९९६) अटकेची लेखी नोंद, नातेवाइकांना खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. — संपादक