हलशीची पंगत

बेळगावातले मित्रांचे घोळके पावसाळा ओसरला की रविवारी हलशीला निघतात. खानापूर, नंदगड आणि पुढे भातशेतांतून जाणारा रस्ता. नंदगडात संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी गाडी थांबते. इंग्रजांशी लढणाऱ्या या क्रांतिकारकाला 26 जानेवारी 1831 रोजी इथेच फाशी दिली गेली. मग हलशीत भूवराह-नरसिंहाचं देऊळ, टेकडीवरचा रामेश्वर, सुवर्णेश्वराचे अवशेष. बाराच्या सुमारास कुणीतरी विचारतोच, ‘जेवायचं काय?’ जाणती मंडळी डबे घेऊन आलेली असतात.

दीड हजार वर्षांपूर्वी हलशीत हा प्रश्न पडला नसता. तेव्हा इथल्या जेवणावळींचा खर्च राजा करत होता आणि त्याची नोंद तांब्यावर कोरली जात होती.

त्या काळी गावाचं नाव होतं पलाशिका. जुना ‘प’ कन्नडात ‘ह’ होतो. ‘पालु’ म्हणजे दूध, त्याचं ‘हालु’ झालं. तसंच पलाशिकेचं हलसी झालं आणि मराठी तोंडी हलशी. (कन्नडात फणसाला ‘हलसु’ म्हणतात, म्हणून फणसाचं गाव असा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण नावात आहे तो पळस.) कदंब राजघराण्याची मुख्य राजधानी बनवासी, तर पलाशिका उत्तरेकडची दुसरी. कदंब राजा रविवर्म्याने विष्णुवर्म्याला मारलं, कांचीच्या चंडदंडाला उखडलं आणि पलाशिकेत बस्तान बसवलं, असं त्याचाच लेख सांगतो.

एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळ मातीच्या ढिगाऱ्यात ताम्रपटांचे संच मिळाले. जे. एफ. फ्लीट या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने ते वाचून ‘इंडियन अँटिक्वरी’त छापले. भाषा संस्कृत, दानं बहुतेक जैनांना. कदंब राजा काकुस्थवर्म्याने आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती सेनापतीला खेटग्रामातलं एक शेत दिलं. त्याचा नातू मृगेशवर्मा याने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधलं आणि 33 निवर्तनं जमीन यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक अशा तीन जैन पंथांना मिळून तोडून दिली. एका देवळाच्या उत्पन्नात तीन पंथ! आजच्या विश्वस्त मंडळांना ऐकूनच घाम फुटेल.

खरी मेजवानी पुढच्या दोन पिढ्यांत आहे. मृगेशाचा मुलगा रविवर्मा याने ठरवून दिलं, की पुरुखेटक गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने तपस्व्यांचा योगक्षेम चालावा. चातुर्मासात जैन साधू एके ठिकाणी मुक्काम करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण खानापूर तालुक्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला या चार महिन्यांची वेगळी तरतूद का लागली हे सांगावं लागत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे आभाळ फाटलं की आजही माणूस घराचा उंबरा ओलांडत नाही.

रविवर्म्याचा मुलगा हरिवर्मा. त्याने काका शिवरथाच्या सांगण्यावरून वसुंतवाटक गाव दिलं, ते सिंह सेनापतीच्या मुलाने बांधलेल्या अर्हतांच्या देवळात आठ दिवसांची वार्षिक पूजा व्हावी आणि संघाला जेवू घालावं म्हणून. गावाचा महसूल, उत्सवाचे दिवस, जेवणारे कोण, सगळं ताम्रपटावर पक्कं.

हरिवर्म्याच्या त्याच सहाव्या शतकात इटलीत राव्हेन्ना वैभवात होतं. तिथलं सान व्हिताले चर्च 547 मध्ये अर्पण झालं. आजही लोक मित्रांसोबत त्याची रंगीत काचांची भित्तिचित्रं बघतात आणि बाहेर पडून जेवायला बसतात. तिथे इमारत टिकली. हलशीत आज डोळ्यांत भरतं ते मुख्य देऊळ मात्र सहाशे वर्षांनंतरचं, गोव्याच्या कदंबांच्या काळचं. बनवासीच्या जुन्या कदंबांच्या पलाशिकेची साक्ष द्यायला मागे राहिले ते तांब्याचे पत्रे.

हलशीच्या या मुख्य देवळाची रचना चक्रावणारी आहे. दोन गाभारे समोरासमोर. एकीकडे पृथ्वी उचलणारा भूवराह, दुसरीकडे नरसिंह-विष्णू. मधल्या मंडपात उभं राहिलं की कुणाला आधी नमस्कार करावा कळत नाही. गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याच्या दानाचा इथला लेख कलियुगाच्या 4270 व्या वर्षाचा, म्हणजे 1169 चा. या कदंबांच्या लेखांत कधी कधी शकाऐवजी कलियुगाचे आकडे येतात. याच पेर्माडीची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळ देगावला कमलनारायणाचं देऊळ उभारलं. दिवस मोठा असेल तर हौशी मंडळी तेही गाठतात.

पावसाळ्यात खानापूरच्या रस्त्यांवर बायका पानांवर रानातली अळंबी मांडून बसतात, शिवरात्रीच्या सुमारास रताळी येतात. हलशीहून परतणारी गाडी अशा ठिकाणी हमखास थांबते. डब्यातली तांदळाची भाकरी केव्हाच संपलेली असते. घासाघीस होते, पिशवी भरते, आणि बेळगावात शिरल्यावर कुंदा कुठल्या दुकानातला घ्यायचा यावरून गाडीत पुन्हा वाद सुरू होतो.