ब्राउझरच्या फावल्या वेळातील कामे

भुसावळ जंक्शनवर मेल गाडीला वाट देण्यासाठी मालगाडी लूपलाइनवर थांबविली जाते. मार्ग मोकळा होताच ती निघते. ब्राउझरमध्ये ‘रिक्वेस्ट आयडल कॉलबॅक’ ही सुविधा हेच सूत्र पाळते.

वेबपानावरील जावास्क्रिप्टची कामे प्रामुख्याने एकाच मुख्य थ्रेडवर, एकामागून एक होतात. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, तर प्रत्येक वेळी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. त्यातच आकडेवारीची नोंद वा मजकुराची साठवण अशी दुय्यम कामे शिरली, की पान अडखळते. जळगाव-धुळ्याच्या वाचकाकडे साधा, स्वस्त मोबाइल असेल, तर हे अडखळणे अधिक जाणवते.

या सुविधेमुळे दुय्यम काम ब्राउझर मोकळा असतानाच हाती घेतले जाते. ही उसंत एका वेळी फार तर ५० मिलिसेकंदांची असते. सुरू झालेले काम ब्राउझर मध्येच थांबवीत नाही. म्हणून उरलेला वेळ पाहून कामाचे लहान तुकडे करणे ही प्रोग्रॅमरची जबाबदारी होय. काम रखडू नये यासाठी कमाल मुदतही देता येते. मात्र मुदत उलटल्यास ते उसंत नसतानाही चालते आणि पान पुन्हा अडखळू शकते.

क्रोममध्ये ही सुविधा २०१५ साली, तर फायरफॉक्समध्ये २०१७ साली आली.