रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक आणि व्यवहारमयूखाचा पाठ

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोलीजवळच्या मुरूड गांवीं १८३३ सालीं रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन विद्यालयांतील अध्ययनानंतर कांहीं वर्षें सरकारी नोकरी करून त्यांनीं मुंबईस हायकोर्टांत वकिली पत्करली. १८७४ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलाचे सभासद झाले, १८८४ सालीं व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत गेले, आणि १८८९ सालीं निवर्तले. हें चरित्र सर्वश्रुत आहे. तथापि त्यांचें जें कार्य संशोधकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें असें आम्हांस वाटतें, तें निराळें आहे. न्यायासनापुढें प्रमाण मानावयाचा ग्रंथ आधीं हस्तलिखितांवरून शुद्ध करून घेतला पाहिजे, असा आग्रह त्यांनीं धरला.

वारसा, दत्तक व वांटणी यांचे निकाल इंग्रजी अमलांत धर्मशास्त्रावरून होत. परंतु न्यायाधीशांची भिस्त भाषांतरांवर असे. नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' हा गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें तेव्हां मुख्य प्रमाण होता. खुद्द रत्नागिरी जिल्ह्यांत मात्र मिताक्षरा त्याहून वरचढ मानीत. मयूखाचें बोराडेल यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेलें भाषांतर कोर्टांत चालत असे. पोथींतील अपपाठ आपणां संग्राहकांस तळटीपेपुरता असतो. तेथें त्यावर विधवेचा अथवा बहिणीचा वारसा अवलंबून होता. मंडलीकांनीं १८८० सालीं मयूखाचा संस्कृत पाठ व नवें इंग्रजी भाषांतर, याज्ञवल्क्यस्मृतीच्या भाषांतरासह, प्रसिद्ध केलें, आणि परिशिष्टांत लोकांच्या प्रत्यक्ष चालीरीतींचाही परामर्श घेतला. १८८६ सालीं मेधातिथि, सर्वज्ञनारायण, कुल्लूक, राघवानंद, नंदन व रामचंद्र यांच्या टीकांसह त्यांची मनुस्मृति निघाली.

याच गृहस्थांच्या कारकीर्दीची दुसरी बाजूही सांगणें प्राप्त आहे. मंडलीक स्वतः खोत घराण्यांतले. १८८० च्या खोती कायद्याच्या सुमारास जो वाद माजला, त्यांत ते खोतांच्या पक्षाचे होते. सनदा व दप्तरें खोतांच्या वाड्यांत जतन झालीं होतीं. कुळांची वहिवाट बहुधा तोंडींच चालत आली होती. धर्मशास्त्रांत रूढीचें महत्त्व जाणणाऱ्या पंडितास ही अडचण कळत नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु हितसंबंध मोठे बलवत्तर असतात. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई विधानसभेंत खोतीविरुद्ध विधेयक मांडलें, आणि अखेर १९४९ च्या कायद्यानें खोती रद्द झाली. दप्तर वाचणाऱ्यानें तें कोणाच्या घरीं राहिलें हेंही पाहिलें पाहिजे, हा धडा यांतून मिळतो.

मंडलीकांचा पोथीसंग्रह पुढें पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत आला, व धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस उपयोगी पडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे १९२६ सालीं मयूखाची नवी आवृत्ति सिद्ध करणारे म. म. पांडुरंग वामन काणे हेही रत्नागिरी जिल्ह्याचेच, वकील, आणि १९५३ ते १९५९ राज्यसभेचे सभासद. एका जिल्ह्यांतील दोन वकिलांनीं सुमारें अर्धशतकाच्या अंतरानें एकच ग्रंथ शोधावा, हा योग लहान नव्हे. दोन्ही आवृत्त्या शेजारीं ठेवून पाठभेद ताडून पाहावे, आणि कोंकणांतील घरोघरच्या पोथ्या वाळवीच्या मुखीं पडण्यापूर्वीं त्यांची नोंद व्हावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.