रांगेत पुढे कोण?

ट्रंक कॉलचा जमाना आठवणारे आपल्यात अजून आहेत. एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि सांगायचं: ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग. अर्जंटला जादा पैसे, लायटनिंगला त्याहून कितीतरी जादा. लाइनी मोजक्या, बोलणारे ढीगभर, मग ज्याचा खिसा जड तो पुढे. १९६० साली कानपूर-लखनौ ही देशातली पहिली एसटीडी सुरू झाली आणि हळूहळू ही प्रतवारी मागे पडली. प्रश्न मात्र गेला नाही. तो आता आपल्या घरातल्या राउटरमध्ये येऊन बसलाय.

इंटरनेटवर सगळं काही छोट्या पाकिटांच्या रूपात जातं. १९८१ च्या मूळ नियमावलीतच प्रत्येक पाकिटावर त्याची निकड लिहायला जागा ठेवली होती. आठ पायऱ्या, 'रुटीन'पासून वर 'फ्लॅश', 'फ्लॅश ओव्हरराइड'. नावं लष्करी संदेशांची, कारण पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा. पण सगळेच स्वतःच्या पाकिटावर 'तातडीचे' लिहू लागले तर? म्हणून खुल्या इंटरनेटवर त्या शिक्क्याला कोणी फारशी किंमत दिली नाही.

मग १९८६ मध्ये गाडी अडली. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून थेट ४० बिट्सवर आला. हरवलेली पाकिटं कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा पाठवत होते, त्यामुळे कोंडी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी काढलेला उपाय साधा: पाकीट हरवलं तर समजा पुढे गर्दी आहे, आणि स्वतःच वेग कमी करा. पोलीस नाही, दंड नाही. आजही इंटरनेट बऱ्याच अंशी या समजूतदारपणावरच चालतं.

पुढे मेमरी स्वस्त झाली. राउटर-मोडेम बनवणाऱ्यांनी आत भलीमोठी साठवण ठेवली, म्हणजे पाकीट हरवायलाच नको. झालं उलटंच. पाकीट हरवत नाही म्हणून वेग कमी होत नाही, आणि रांग लांबत जाते. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी याला 'बफरब्लोट' म्हटलं. घरात कुणाचे फोटो क्लाउडवर चढत असतात आणि शेजारच्या खोलीत मुलाच्या ऑनलाइन तासाला आवाज तुटतो, ते अनेकदा यामुळे. नेट स्लो नसतं, रांग लांब असते. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' ही पद्धत मांडली: रांगेत पाकीट फार वेळ ताटकळू द्यायचं नाही.

तुमच्या राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' असेल तर उघडून बघा. मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के आकडा तिथे भरा, अपलोडचा आणि डाउनलोडचा वेगळा. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग तुमच्या ताब्यात राहते.

हे झालं घरातलं. वाटेत मात्र कुणाला पुढे सोडायचं हे कोणी ठरवायचं? २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट ही कंपनी ग्राहकांचं बिटटोरंट गुपचूप अडवताना सापडली. आपल्याकडे २०१५ मध्ये ट्रायने मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या साइटला वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली, फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' गुंडाळलं गेलं. २०१८ मध्ये केंद्राने वेगातला भेदभावही अमान्य केला. वाजवी वाहतूक नियंत्रणाला मुभा ठेवली, आणि ती हवीच.

तरीही जास्त डेटा वाहणाऱ्या साइट्सनी आपल्याला वाटा द्यावा, ही दूरसंचार कंपन्यांची मागणी पुन्हा पुन्हा येते. मोठ्यांना ते परवडेल. एखादी छोटी मराठी वृत्तसाइट किंवा गावातल्या क्लासचं ॲप कुठून देणार? माझं मत सरळ आहे. घरातली रांग घरच्यांनी लावावी, पण घराबाहेरच्या तारेवर लायटनिंग कॉल परत येऊ देऊ नये. ट्राय पुढच्या वेळी मतं मागवेल, तेव्हा दोन ओळी तरी लिहून पाठवा.