अवशिष्ट विद्रावक चाचणी

औषधी द्रव्य, सहायक द्रव्य किंवा तयार औषध यांत निर्मितीनंतर मागे उरलेले बाष्पनशील कार्बनी द्रव ओळखून मोजण्याची चाचणी. मिथेनॉल, टोल्यूइन, डायक्लोरोमिथेन असे विद्रावक विक्रियेसाठी, स्फटिकीकरणासाठी वा गोळ्यांवर लेप चढवण्यासाठी वापरतात. रुग्णाला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. भुकटी तासन् तास सुकवली तरी ते पुरते निघत नाहीत, कारण काही रेणू स्फटिकांत अडकून बसतात.

मर्यादा ‘आयसीएच’ या औषधनियमांच्या सुसूत्रीकरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९९७ सालच्या क्यू३सी मार्गदर्शक सूत्रांवर आधारलेल्या आहेत. ही सूत्रे नव्या औषधांसाठी होती. अमेरिकी औषधकोशाने १ जुलै २००८ पासून जुनी औषधेही या चौकटीत आणली. विद्रावकांच्या तीन वर्गांपैकी पहिल्या वर्गातले शक्यतो वापरूच नयेत असे आहेत : बेंझीनला दशलक्ष भागांत २, कार्बन टेट्राक्लोराइडला ४ भागांची मुभा. दुसऱ्या वर्गात मर्यादा विषारीपणानुसार बदलते (क्लोरोफॉर्म ६०, टोल्यूइन ८९०, मिथेनॉल ३,०००). ॲसिटोन, एथेनॉल तिसऱ्या वर्गात, ५,००० भागांपर्यंत. हे आकडे रोज १० ग्रॅम औषध पोटात जाते असे धरून काढलेले आहेत. खरी मर्यादा दिवसाकाठी शरीरात जाणाऱ्या मिलिग्रॅमची असते. मिथेनॉलसाठी ती ३० मिलिग्रॅम. बेंझीन कारखान्यात कुणी वापरले नसले तरी टोल्यूइनमधील अशुद्धी म्हणून ते येऊ शकते, हे कच्च्या मालाच्या तपासणीत सहज निसटते.

केवळ तिसऱ्या वर्गातले विद्रावक असतील तर सुकवून वजनातील घट पाहिली तरी चालते. ही सोय जरा ढोबळ आहे : घटीत पाणीही मोजले जाते आणि विद्रावक कोणता ते कळत नाही. अन्यथा ‘हेडस्पेस’ वायुवर्णलेखन करतात. नमुना पाण्यात, न विरघळल्यास डायमिथिल सल्फॉक्साइडसारख्या द्रवात घेऊन कुपी घट्ट बंद करतात आणि ठरावीक वेळ तापवतात. औषधकोशाच्या एका पद्धतीत ८० अंश सेल्सिअसला ६० मिनिटे. द्रवावर साचलेली वाफच यंत्रात जाते, औषध कुपीतच राहते. त्यामुळे यंत्रातला, विद्रावक वेगळे करणारा स्तंभ खराब होत नाही. नमुना पूर्ण विरघळला पाहिजे, नाहीतर स्फटिकात अडकलेला विद्रावक तिथेच राहून आकडा फसवा कमी येतो. वर्णलेखात संशयास्पद शिखर मर्यादेपलीकडे दिसले, तर वेगळ्या स्तंभावर त्याची खातरजमा करतात.

चूक उलट्या दिशेनेही होते. शेजारच्या टेबलावर डायक्लोरोमिथेनची बाटली उघडी राहिली, तर त्याची वाफ कुपीत शिरून निर्दोष नमुनाही दोषी दिसतो; म्हणून औषध न घातलेली कोरी कुपी प्रत्येक संचाबरोबर चालवतात.