ललाट कोटर : रचनाभेद व कोटरशोथ

कपाळाच्या अस्थीत, भुवयांच्या आतील टोकांमागे असणाऱ्या हवायुक्त पोकळ्यांच्या जोडीस ललाट कोटरे म्हणतात. नाकाभोवतालच्या कोटरांच्या चार जोड्यांपैकी ही एक होय. प्रत्येक कोटरास श्लेष्मकलेचे (बुळबुळीत पातळ पटलाचे) अस्तर असून त्यातील स्राव एका अरुंद मार्गाने नाकाच्या बाह्य भित्तीवरील मध्य नासामार्गात उतरतो. कोटराची व या निचरामार्गाची घडण व्यक्तिपरत्वे बदलते. या भेदांचा कोटरशोथाशी (कोटराच्या दाहयुक्त सुजेशी) असलेला संबंध उलगडत गेला, तशी शस्त्रक्रियेची दिशाही पालटली.

रचनाभेद : जन्माच्या वेळी ललाट कोटर जवळजवळ नसतेच. सामान्यतः सहाव्या वर्षानंतर ते क्ष-किरण चित्रात दिसू लागते आणि विशीच्या सुमारास त्याची वाढ पुरी होते. उजवे व डावे कोटर क्वचितच सारखे असते, कारण त्यांमधील पडदा बहुधा एका बाजूस सरकलेला असतो. काही व्यक्तींत एक किंवा दोन्ही कोटरे नसतात. ध्रुवप्रदेशीय इन्यूइट लोकांत हे प्रमाण विशेष आढळते. कोटराची आकृती व्यक्तिविशिष्ट असल्यामुळे १९२७ मध्ये कल्बर्ट व लॉ यांनी क्ष-किरण चित्रांच्या तुलनेने मृतदेहाची ओळख पटविली.

इतिहास : लिओनार्दो दा व्हींची यांच्या १४८९ मधील कवटीच्या छेदचित्रांत ललाट कोटर दिसते. १८८२ मध्ये एमिल झुकरकांड्ल यांनी नासागुहेच्या प्राकृत व विकृत शारीराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मात्र शस्त्रवैद्यांचे लक्ष प्रामुख्याने पू साचलेल्या पोकळीकडे होते. प्रतिजैव औषधांपूर्वीच्या काळात हा संसर्ग नेत्रगुहेत वा मेंदूच्या आवरणांत पसरून मृत्यू ओढवत असे. म्हणून मूलगामी उपाय अपरिहार्य वाटे. ऑग्स्टन यांनी १८८४ मध्ये कोटराच्या पुढील भित्तीस छिद्र पाडले. रीडेल यांच्या पद्धतीत (१८९८) पुढील भित्ती व तळ काढून टाकीत. त्यामुळे कपाळ खोलगट होऊन रुग्ण विद्रूप होई. किलियन यांनी १९०३ मध्ये भुवईखालील अस्थीचा पूल राखून हे व्यंग कमी केले. लिंच यांनी १९२१ मध्ये नेत्रगुहेच्या आतील बाजूने मार्ग काढला. तथापि या बाह्य शस्त्रक्रियांनंतर निचरामार्ग व्रणऊतकाने आकसून रोग पुनःपुन्हा उद्‌भवत असे. मार्गच रुंद करावा, हा विचार लॉथ्रप यांनी १९१४ मध्ये मांडला होता. पण तेव्हाच्या साधनांनी तो अमलात आणणे दुष्कर होते.

१९७० नंतर ग्रात्स येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी नासादर्शकाने दाखवून दिले की, श्लेष्मा पक्ष्माभिकांच्या (केसांसारख्या सूक्ष्म वाढींच्या) हालचालीने ठराविक वाटेने नैसर्गिक छिद्राकडेच वाहतो आणि रोगाचे मूळ पुष्कळदा झर्झरास्थीच्या पुढील भागातील अरुंद फटींत असते. संगणकीय छेदचित्रणामुळे तेथील कोष जिवंत रुग्णात पाहता येऊ लागले. ॲगर नेझाय या कोषाच्या वर असणाऱ्या ललाट कोषांचे चार प्रकार बेंट, कून व सहकारी यांनी १९९४ मध्ये वर्णिले. २०१६ मध्ये सुधारित आंतरराष्ट्रीय वर्गीकरण पुढे आले.

कोटरशोथाशी संबंध : मोठे कोष निचरामार्ग अरुंद करतात, अशा मार्गात सर्दी किंवा अधिहृषता (ॲलर्जी) यांमुळे थोडी सूज आली, तरी तो बंद होऊ शकतो. परंतु असेच कोष अनेक निरोगी व्यक्तींतही आढळतात आणि निरनिराळ्या पाहण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून रचनाभेद हे रोगाचे स्वतंत्र कारण न मानता त्यास पोषक परिस्थिती मानणे युक्त ठरते. केवळ छेदचित्रात कोष दिसला म्हणून शस्त्रक्रिया करणे इष्ट नाही. ती आवश्यक ठरल्यास मात्र या भेदांचे पूर्वज्ञान अनिवार्य असते. कारण शस्त्रक्रियेच्या क्षेत्रापासून नेत्रगुहा व मेंदू केवळ पातळ अस्थिपटलांनी विभक्त झालेले असतात.