देगावचा झरा आणि मांडवीच्या तिसऱ्या

तिसऱ्या, खुबे, सुंगटे ही आपण गोवेकर समुद्राची देणगी मानतो. खरे तर त्यांतला मोठा वाटा खाडीच्या मचूळ पाण्याचा, आणि त्या पाण्यातले गोडेपण येते घाटावरून. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात म्हादई उगम पावते. हीच पुढे आपली मांडवी. कणकुंबीचा कळसाही तिलाच मिळतो.

घाट आणि खाडी यांचे नाते जुने. आपल्या आगरातले मीठ बैलांच्या पाठीवरून बेळगावकडे चढे. पाणी मात्र न मागता खाली येत राहिले. त्याच्या भरवशावर पूर्वजांनी खाजने उभारली. पावसाने खार धुऊन काढला की कोरगुटाचे भात, आणि मानशीवर मासळी!

पावसाळ्यात मांडवीचे मुख जवळजवळ गोडे होते. उन्हाळ्यात भरती गांज्यापर्यंत चढते. तिसऱ्यांची वाढ, सुंगटांच्या पिल्लांची ये-जा, चोडणची खारफुटी, सगळे या चढउतारावर बेतलेले आहे.

२००६ साली कर्नाटकाने कणकुंबीला कळशाचे काम हाती घेतले. हे पाणी मलप्रभेत वळवायचे होते. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी मिळाले. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी कळसा-भांडुरातून वळवायचे. हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही. खोटा आहे तो एक युक्तिवाद: समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते! तसे असते तर खाडीत तिसरी वाढलीच नसती.

पण सगळा दोष घाटावर ढकलून कसे चालेल? लोहखनिजाच्या खाणींची माती पावसाबरोबर याच नदीत उतरली, बार्जेस याच पात्रातून मुरगावकडे गेल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या त्या न्यायालयीन लढा आणि चौकशी अहवालानंतर. नदीतल्या मासळीसाठी थांबवा, असे म्हणणारे थोडेच होते. त्याआधी सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत जाळी ओढू लागले, तेव्हा रापणकारांना रस्त्यावर उतरावे लागले. मासळीचा तुटवडा येईल असे ते सांगत होते. आपल्या शिकलेल्या लोकांना तो पोटापाण्याचा तंटा वाटला. पोटापाण्याचा होताच, पण जाळ्याचे बारीक डोळे अंड्यावरची मासळी आणि पिल्लेसुद्धा ओढून नेतात, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. रापणीत पाहिले होते.